डोळ्यांत टिपूस नाही

माझ्या पापण्या जन्मापासून जड. शाळेत बाई ओरडायच्या, "झोपलीस का गं?" माझ्या लग्नात फोटोवाला म्हणाला, "नवरीबाई, डोळे उघडा!" अहो, उघडेच होते की! चाळिशी उलटली तशा त्या आणखीच लोंबल्या. शैलीचं, माझ्या मुलीचं, लग्न ठरलं आणि मी म्हटलं, आता बास. नाशकात गंगापूर रोडला मुंबईहून एक डॉक्टर आले होते. पापणीची जास्तीची कातडी काढून ते डोळे मोठे करून देतात, असं कानावर आलं होतं.

आमचे हे नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला. म्हणाले, "या वयात हे काय चाळे?"

"तुम्ही टकलाला रोज तेल चोळता, तेव्हा मी बोलते का काही?"

आता खरं कारण सांगते. खरं कारण कुसाबाई, नामपूरच्या माझ्या थोरल्या नणंदबाई. सासूबाई गेल्या तेव्हा सगळ्या बायका ऊर बडवून रडत होत्या आणि मी ठक्क कोरडी. "साळूच्या डोळ्यांत टिपूस नाय आलं! दगड हाय दगड!" हे वन्संनी बागलाणभर केलं. तेव्हापासून कुठलंही कार्य असो, कांद्याची रास माझ्यापुढे. "हिला द्या, हिला कुठं रडू येतंय!" आग आग व्हायची हो माझ्या डोळ्यांची, पाणी तेवढं यायचं नाही. आता शैलीच्या पाठवणीला तेच सगळे लोक माझ्या डोळ्यांकडे टक लावून बसणार. पाणी नाही तर नाही, निदान डोळे उघडे दिसले तर त्यात माया तरी दिसेल, असं मला वाटायचं.

आणि नशीब बघा! दवाखान्यात सोबतीला कोण, तर लग्नाच्या तयारीला आलेल्या कुसाबाईच.

डॉक्टरांनी विचारलं, "डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरतं का?"

"रोजच."

त्यांनी टीपकागदासारखी एक बारीक पट्टी माझ्या खालच्या पापणीत अडकवली. थोड्या वेळानं काढली, तर जशीच्या तशी कोरडी.

"बाई, तुमच्या डोळ्यांत पाणी जवळजवळ तयारच होत नाही," ते म्हणाले. "पापणी कापल्यावर डोळा पूर्ण मिटेलच असं नाही. आधीच कोरडा, त्यात उघडा राहिला तर बुबुळाला जखम व्हायची. मी हे ऑपरेशन करणार नाही."

कुसाबाई ताडकन उठल्या. "कागदच खराब आसंल! माझ्या डोळ्याला लावून बघा."

डॉक्टर हसले, पण लावली. पट्टी बघता बघता चिंब झाली. कुसाबाई कितीतरी वेळ दोन्ही पट्ट्या हातात धरून बसल्या होत्या.

रिक्षात त्या हळूच म्हणाल्या, "साळू, आई गेली तव्हा..."

माझा पाराच चढला. "वन्सं, ऊर फुटायची वेळ आली होती माझी! दोन दिवस घास उतरला नाही. मलाही आईच होती ती! पण तुम्ही नुसते डोळे बघितले."

त्या तोंड फिरवून रिक्षाबाहेर बघायला लागल्या. मी म्हटलं, जाऊ दे, ही बाई काही सुधारायची नाही.

ऑपरेशन राहिलं. डॉक्टरांनी दिलेले थेंब घालत घालत लग्न पार पडलं आणि पाठवणीची वेळ आली. थेंबांनी चुरचुर कमी झाली होती, टिपूस काही येत नव्हतं. शैली गळ्यात पडली. माझं काळीज नुसतं पिळवटून निघालं, मी तिला घट्ट धरून ठेवलं. नामपूरच्या बायका माना उंच करून बघत होत्या. कुणीतरी कुजबुजलंसुद्धा, "बघ, तश्शीच!" मी त्या मेल्या जड पापण्या खाली पाडल्या.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत कुसाबाई आल्या. स्वतःचे गाल भिजलेले, ते तसेच ठेवले. पदराचं टोक घेऊन माझा एक डोळा टिपला, मग दुसरा टिपला.

"पुरे गं साळू, किती रडशील!" त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या. "पोरगी घाबरंल ना!"

आणि नामपूरच्या समस्त बायकांसमोर कुसाबाईंनी तो कोरडा पदर पिळून दाखवला.