हळदीचे पाय

माणसाचा हात एकदा स्टिअरिंगवर पडला, की त्याला अडवायची ब्रह्मदेवाचीही टाप नाही, असं अंबाजी डायवर म्हणत असे. अठ्ठावन्न सालच्या वैशाखात, भर दुपारी दोन वाजता, वऱ्हाडाने खच्चून भरलेल्या लॉरीसकट त्याला बैलाच्या नालेतून निखळलेल्या एका खिळ्याने अडवलं.

लॉरी लढाईनंतर मिलिटरीच्या लिलावात घेतलेली. ती शत्रूच्या बाँबला घाबरली नव्हती, असं अंबाजी सांगे. खिळ्याचा प्रसंग तेव्हा आला नसावा. एरवी ती रेवदंड्याहून सुकी मासळी नेई आणि लग्नसराईत माणसं. एकदा धुतली की वास जातो, असं अंबाजीचं म्हणणं होतं. वऱ्हाडाचं म्हणणं वेगळं होतं, पण तालुक्यात दुसरी लॉरी मोकळी नव्हती.

रेवदंड्याच्या अलीकडच्या वाडीतला तुळशीराम आपल्या मुलाचं, रतनचं, लग्न लावायला पोयनाडच्या पलीकडे निघाला होता. मुहूर्त गोरज. लॉरीत पस्तीस माणसं, तीन वाजंत्री, एक ढोल, आणि अगदी मागच्या टोकाला फळीला काथ्याने करकचून बांधलेली लाकडी खुर्ची. तिच्यावर रतन. वारा लागावा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना नवरदेव दिसावा, अशी ती जागा. अंगभर हळद, कपाळाला मुंडावळ्या, हातात टोकाला लिंबू खोचलेली सुरी. शेजारी त्याची आजी भागुबाई, पायाशी पानाची चंची घेऊन.

खिंडीचा चढ संपला, उतार लागला, आणि पहिल्याच वळणाला मागचं डावं चाक बसलं. अंबाजीने लॉरी जमेल तितकी डावीकडे घेतली. डांबराच्या कडेला मुरमाची दोन-अडीच हातांची पट्टी होती, पट्टीपलीकडे ओहोळ. अर्धी लॉरी पट्टीवर, अर्धी रस्त्यावर.

तो खाली उतरला, चाक बघितलं, मग मागे वळून रस्ता बघितला. रस्ता दिसतच नव्हता. तीस पावलांवर डोंगराचा कोपरा होता आणि रस्ता त्याच्याआड गेला होता. वरून येणाऱ्याला लॉरी दिसणार ती तीस पावलं उरल्यावर.

बरं, ऐकू तरी यावं? तेही नाही. उतार लागला की इंजिन बंद करायचं आणि गाडी आपली आपण सोडून द्यायची, पेट्रोल वाचतं, अशी त्या रस्त्यावरच्या डायवर लोकांची पद्धत होती. भरलेली गाडी खिंडीतून सापासारखी बिनआवाजी उतरायची. ही पद्धत काढली कोणी, तर अंबाजीने. अर्ध्या तालुक्याला त्याने ती स्वतः शिकवली होती आणि आजवर तिचा त्याला अभिमान होता.

त्याने चाकाखाली दगड लावले, लॉरी जॅकवर चढवली, चाक खोललं. ट्यूबला ठिगळ लावून हवा भरायची म्हणजे तासभर. तेवढ्यात निरगुडीच्या चार फांद्या तोडून तो वर वळणावर गेला आणि रस्त्यात आडव्या टाकून आला. रस्त्यात फांद्या दिसल्या, की पुढे गाडी बंद पडलीय हे डायवरला कळतं.

परत येऊन ट्यूब काढली आणि मान वर केली, तर फांद्या लॉरीवर. रतनच्या डोक्यावर त्यांचा छान मांडव झाला होता.

“ह्या कोणी आणल्या?”

“मी,” रतनची चुलती सगुणा कौतुकाने म्हणाली. “रस्त्यात पडल्या व्हत्या फुकट. पोराला केवढं ऊन लागतंय!”

“सगुणाबाई, मी मुद्दाम टाकल्या होत्या त्या!”

“मग तोडल्या कशाला, टाकायच्या व्हत्या तर?”

अंबाजीने खाली पाहिलं. लॉरीची सावली रस्त्याच्या बाजूला पडली होती आणि तेवढ्या सावलीत, डांबरावर, सगळं वऱ्हाड पाय पसरून बसलं होतं. कोणी पत्रावळीवर लाडू फोडला होता. ढोलवाला ढोल उशाला घेऊन आडवा झाला होता.

“उठा, उठा! त्या डोंगराच्या अंगाला जाऊन बसा. वरून गाडी आली तर चटणी होईल.”

“आली तर भोंगा वाजवल की,” तुळशीराम म्हणाला. तो शांत माणूस होता. मुलाच्या लग्नातही शांत होता, म्हणजे किती ते बघा.

“तुळशीरामभाऊ, भोंगा वाजवायला आधी दिसावं लागतं!”

“तिकडं ऊन हाय,” कोणीतरी म्हणालं, आणि विषय संपला.

अंबाजीने लॉरीखाली वाकून बघितलं आणि तो हळूच म्हणाला, “अरे, फुरसं!”

सगळं वऱ्हाड रस्ता ओलांडून डोंगरावर चढलं. ढोलसुद्धा गेला. मरणाच्या मानाने फुरसं लहान खरं, पण ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

लॉरीवर दोघंच राहिली: रतन आणि भागुबाई.

“आये, उतरा. तूही उतर रे.”

“हळदीचा पाय खिंडीत टेकायचा न्हाय,” भागुबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. ग्रामपंचायतीचा ठराव वाचावा तशी बोलली. “खिंडीतलं वारं हळदीच्या वासाला येतं. आमच्या वाडीतल्या काशीचा नवरा इथंच उतरला व्हता, पाणी प्यायला. मांडवात उभा ऱ्हायला आणि बोहल्यावरून निघून गेला.”

“कुठे गेला?”

“मुंबईला. अजून आला न्हाय.”

“आये, तो मुंबईला तरी गेला! हा कुठे जाईल?”

“तू चाक लाव तुझं.”

अंबाजीने रतनकडे पाहिलं. पोरगा तेवीस वर्षांचा, अंगाने दणकट. “रतन, तू तरी ऐक.”

रतनने आजीकडे पाहिलं, मग सुरीवरच्या लिंबाकडे पाहिलं. “आजी म्हणेल तसं,” तो म्हणाला. त्याच्या कपाळावरून हळदीचा ओघळ उतरत होता.

तेवढ्यात वारा सुटला. दुपारचा तो खारा वारा, समुद्राकडून खिंडीत शिरतो आणि उताराने खाली येतो. अंबाजीने नाक वर केलं.

सुकट.

“आये,” तो म्हणाला, “मासळीची लॉरी खिंडीत शिरलीय. वास येतोय.”

“तुझ्याच गाडीचा. सकाळपासून येतोय.”

“माझी धुतलीय! हा ताजा वास आहे, वरून येतोय!”

त्याने कान दिले. झाडांची सळसळ, कुठे तरी भारद्वाज, बाकी काही नाही. काही नाही हेच भयंकर होतं. खिंडीच्या माथ्यापासून या वळणापर्यंत, इंजिन बंद करून, मोजून चार मिनिटं. त्यानेच कधीकाळी मोजून शिकवली होती. वास वाऱ्याने पुढे आला, पण किती पुढे?

“तुळशीरामभाऊ, वळणावर धावा! धोतर हलवा, काहीही हलवा!”

तुळशीराम निघाला. तो शांतपणे निघाला, पण निघाला.

“आये, पाय टेकायचा नाही ना? नाही टेकत. उचलून नेतो.”

भागुबाई विचारात पडली. ठरावात ही बाब नव्हती. “उचलायचा मान मामाचा,” ती म्हणाली.

“विठोबामामा!” अंबाजी ओरडला.

डोंगरावर रतनचा मामा विठोबा उभा राहिला. कमरेला फडकं बांधलेला, बाभळीसारखा वाकडा माणूस. “माझी कंबर गेलीय रं,” तो तिथूनच म्हणाला. “दिवाळीपासून.”

“मग मी नेतो!”

“तू कोण?” भागुबाई म्हणाली. “परक्याच्या पाठीवर नवरदेव? हसतील लोक.”

वास आता दाट झाला होता, डोळ्यांत चुरचुरावा इतका. त्यात जळक्या ब्रेकचा वास मिसळला होता. ब्रेक जळतोय म्हणजे लॉरी धरवत नाहीये. अंबाजीने हात जोडले.

“आये, गो आये, मी मामाच आहे असं समज!”

“समजून कसा व्हईल? तुझं माहेर कुठलं? म्हणजे तुझ्या आयचं?”

“चौल!”

“चौलात कोणाची?”

“कोंडाजी म्हात्र्याची लेक!”

“कोणता कोंडाजी? वाडीवरचा की तळ्यावरचा?”

“तळ्यावरचा, तळ्यावरचा!”

“तिचं नाव?”

“सोनाबाई!”

भागुबाईने डोळे मिटले. बोटांची पेरं मोजू लागली. वळणापलीकडून तुळशीरामची आरोळी आली. आयुष्यात तो पहिल्यांदा ओरडला असावा. आवाज कोंबड्यासारखा फाटला.

“तळ्यावरच्या कोंडाजीची दुसरी लेक रंगू,” भागुबाई मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, “ती विठोबाच्या आयची सख्खी जाऊ. म्हंजे तू आन् विठोबा...”

“चुलत!”

“मावस-चुलत. म्हंजे तू रतनचा...”

“मामा!”

“व्हय,” भागुबाईने डोळे उघडले. “लांबचा. पन मामा. उचल.”

अंबाजीने पाठ दिली. रतन सुरीसकट त्याच्या गळ्यात पडला, आणि लिंबू त्याच्या कानात. दोन मणांचं हळदीचं ओझं. विठोबाने कंबर विसरून खाली उडी घेतली होती. त्याने भागुबाईला चंचीसकट कडेवर घेतलं आणि तो पुढे पळत सुटला. रस्ता अठरा फुटांचा. अंबाजीला तो रेवदंड्याच्या खाडीएवढा वाटला. सहावं पाऊल पडलं तेव्हा कोपऱ्यावरून लॉरीचं नाक आलं, आवाज नाही, फक्त चाकांची सरसर. मग भोंगा, मग ब्रेकची किंकाळी. सातव्या पावलाला त्याच्या टाचेला वारा लागला. आठवं पाऊल त्याने टाकलं की त्याला कोणी ढकललं, हे त्याला कधीच सांगता आलं नाही.

मागे पत्र्याचा प्रचंड आवाज झाला.

अंबाजी डोंगराच्या अंगाला गुडघ्यांवर बसला होता, पण पाठ ताठ होती. पाठीवरच्या रतनचा पाय जमिनीपासून चार बोटं वर होता. त्याने मान वळवली.

त्याची लॉरी जॅकवरून फेकली जाऊन ओहोळात तोंड घालून पडली होती. मासळीची लॉरी तिच्या मागच्या फळीत अर्धी घुसून थांबली होती. वरची पोती फुटून सुकटीचा ढीग झाला होता, आणि त्या ढिगातून खुर्चीचा एकच पाय वर आला होता. काथ्या अजून त्याला बांधलेला.

सगुणा मटकन खाली बसली. तुळशीराम वळणावरून धावत आला, नुसत्या लंगोटावर, हातात धोतर. आधी त्याने खुर्चीचा पाय पाहिला, मग पोरगा पाहिला, आणि मग तो शांत माणूस रस्त्याच्या मधोमध बसून ढसाढसा रडला.

मासळीच्या लॉरीचा दरवाजा उघडून डायवर खाली उतरला. कपाळावर टेंगूळ, बाकी धड. तो दादू होता. अंबाजीच्याच हाताखाली तयार झालेला.

“उस्ताद, तुम्ही?” तो म्हणाला. “आईशप्पत, इंजिन बंद होतं. तुम्ही सांगितलंय तसंच.”

इतक्या वर्षांत प्रथमच अंबाजीला डायवरकीबद्दल सांगण्यासारखं काही सापडेना.

भागुबाई विठोबाच्या कडेवरून उतरली. तिने खुर्चीच्या पायाकडे पाहिलं. मग अंबाजीजवळ येऊन तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं आपल्या कानशिलावर मोडली.

“सख्खा मामा,” ती म्हणाली. “आजपासून सख्खा. आन् खाली ठेवू नको हां. अजून खिंडच हाय.”

“संपते कुठे खिंड?”

“त्या खालच्या मोरीला. असंल अर्धा मैल.”

वाजंत्र्यांपैकी एकाला वाटलं, अशा वेळी काही तरी वाजवायला हवं. त्याने सनई तोंडाला लावली. फुंक निघेना, म्हणून परत काढली. सगळं वऱ्हाड अंबाजीभोवती गोळा झालं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. देवळात उभं राहावं तशी माणसं त्याच्याकडे बघत उभी होती, आणि दादू त्याच्या पायाशी वाकला होता.

अंबाजी एक हात जमिनीवर टेकून कसाबसा उभा राहिला. तेव्हा त्याच्या कानाशी, लिंबाच्या बाजूने, रतन पहिल्यांदा आपण होऊन बोलला. अगदी हळू, लाजत.

“मामा, जरा त्या करवंदीच्या जाळीमागं नेता का? मला लघवीला लागलीय.”