आईकडून आलेलं

चंद्रकला मोखाड्याच्या शाळेत शिकवते. गेल्या वर्षी अंघोळ करताना तिच्या हाताला डाव्या स्तनात गाठ लागली. दुखत नव्हती. आईचीही दुखत नव्हती, म्हणून तर ती गप्प राहिली होती.

आई, गोजाबाई, साखरशेतला शेती करायची. जखम चिघळेपर्यंत तिनं कुणाला सांगितलं नाही. मग अख्खा स्तन काढावा लागला, आणि उजवा हात सुजला तो सुजलाच. तरी खळ्यावर नाचणी आली की ती येऊन बसायची. सूप धरवत नसे. चंद्रकला पाखडायची आणि आई डाव्या हातानं खडे वेचायची. पुढच्या नाचणीला ती नव्हती.

स्वतःची गाठ हाताला लागली, त्याच आठवड्यात चंद्रकला नाशिकला गेली.

"घरात आधी कुणाला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आईला. मावशीलाही. दोघी पन्नाशीच्या आत गेल्या."

रक्ताच्या तपासणीत जनुकातला दोष सापडला, आईकडच्या रक्तातून आलेला. पण गाठ लहान होती. औषधांनी ती आणखी आकसली, मग तेवढीच काढली. स्तन राहिला. केस गेले, तेही पुन्हा उगवले. आईच्या वेळी कुणी एवढं विचारलंच नव्हतं, हे मात्र तिला राहून राहून आठवायचं.

बाईंनी थोरल्या बहिणीलाही तपासायला सांगितलं होतं. सुकरी हसली.

"मला काय नाय व्हायाचा. चार पोरा अंगावर पाजली मी."

"त्यानं धोका थोडा कमी होतो ताई, संपत नाही. आईनंही आपल्याला पाजलंच होतं ना?"

सुकरीचं हसू थांबलं. मग म्हणाली, "आय कूस बदलताना दात आवळायची. कवा जायचा?"

सुकरीत तो दोष नव्हता. इतर बायकांसारखी तपासणी करत राहा, एवढंच बाईंनी सांगितलं. बाहेर येताच सुकरी रडायला लागली.

"तुझ्याच वाट्याला कसा गं आला?"

"आला. पण वेळेवर कळला."

परतताना जीपमध्ये सुकरी आईबद्दल बोलत राहिली. चंद्रकलेच्या जन्माआधीची आई. सुकरीला खांद्यावर घेऊन मोखाड्याच्या बाजाराला चालत जाणारी, कासाराशी भांडून हिरव्या बांगड्या भरणारी, वाटेत ओढ्यात पाय सोडून जोरात हसणारी. चंद्रकलेच्या मनात इतकी वर्षं आजारी आईच उरली होती.

"आणखी सांग," ती म्हणाली.