मागचे चार बोल्ट

मशीन घरी आलं त्या दिवशी ते बसवून द्यायला कंपनीचा माणूसही आला होता. तिच्या नवऱ्याने त्याला दारातूनच वाटेला लावलं. नळाला पाइप जोडायचा आणि पिन खोचायची, एवढ्यासाठी माणूस कशाला, असं त्याचं म्हणणं. नवरा फरशांच्या शोरूममध्ये मॅनेजर होता आणि यंत्रांशी त्याचा संबंध शोरूमच्या लिफ्टपुरताच होता. घरात मात्र सगळ्या यंत्रांवर त्याचा शब्द शेवटचा. तिने मनातल्या मनात त्याला 'मुख्य अभियंता' असं पद देऊन टाकलं होतं. माहितीपुस्तक त्याने सोफ्यावर पाय पसरून मोठ्याने वाचलं, तेही त्यातल्या भाषेला हसायला. मग पाइप जोडला, पिन खोचली आणि चहा मागवला.

पहिल्याच धुण्याला मशीन नाचलं. कपडे भिजून घुसळून होईपर्यंत सगळं सुरळीत, पण पिळायची वेळ आली की त्याच्या अंगात यायचं. धडधडत, आदळआपट करत ते बाथरूमच्या दारापर्यंत चालत यायचं, आणि खालच्या मजल्यावरचे काका काठीने छत ठोकायचे. मुख्य अभियंत्याने मशीनखाली पुठ्ठा घातला, मग रबरी चटई, मग जुन्या चपलांचे तळ कापून घातले. पायाखाली घालायचं काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही. मागे वाकून बघायची तसदी मात्र एकदाही घेतली नाही. शेवटी निदान झालं की बायको कपडे कोंबते. तिने निम्मे टाकून पाहिले, मग त्याच्याही निम्मे, एकदा तर नुसते दोन टॉवेल. मशीन तेवढंच नाचलं. तेव्हा निदान बदललं, टॉवेल तिने एकाच बाजूला टाकले होते म्हणे.

त्यानंतर त्याला एक नवीनच नाद लागला. मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून तो लोकांचे मशीनचे अनुभव वाचायचा आणि स्वतःचे लिहायचा. कंपनीला पाचापैकी एकच तारा द्यायचा आणि खाली पानभर तोंडसुख घ्यायचं. ती कधी चहा द्यायला गेली की मागे उभी राहून वाचायची. काय एकेक लोक. कुणाचा मोजा मशीनने गिळला म्हणून सुतक, कुणाचं मशीन धुणं झाल्यावर गाणं वाजवतं म्हणून कौतुक, आणि कुणाचं ते गाणं थांबतच नाही म्हणून रडारड. बायकोने नवी साडी नेसली तर ज्यांच्या लक्षात येत नाही, ते बाप्ये ड्रमच्या आतल्या प्रकाशाबद्दल भरभरून लिहीत होते. तिच्या नवऱ्याचं तिथे वजन होतं. लोक त्याला सल्ला विचारायचे.

हे सगळं तिने हसण्यावारी नेलं असतं. पण मध्ये तिच्या बाबांचा प्रश्न आला.

बाबा तिच्या भावाकडे असायचे. हॉटेलात वाढपी म्हणून त्यांनी उभा जन्म काढला, आणि त्या सगळ्या काळात पांढऱ्या शर्टावर डाग म्हणून पडू दिला नाही. आता पक्षाघाताच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि रात्री अंथरूण ओलं व्हायचं. भावाची बदली दूरच्या शहरात झाली. तिथे कंपनीची एक खोली मिळणार होती, तीही दुसऱ्या माणसाबरोबर. म्हणजे महिनाअखेरीला बाबांनी एक तर तिच्याकडे यायचं, नाही तर वृद्धाश्रमात जायचं. आश्रम तिने जाऊन पाहिला होता. ओळीने खाटा होत्या, चादरींवर नंबर होते, आणि एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून कुणाला तरी हाका मारत होता. तिथे बाबांना ठेवायचं नाही, हे तिने फाटकाबाहेर पडायच्या आतच ठरवलं.

ती चष्म्याच्या दुकानात सकाळपुरती कामाला जायची, दुपारपासून घरीच. मागची खोली होती. अडचण कसलीच नव्हती. नवऱ्यानेही नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला छाती लागते. तो म्हणाला, बाबांना आणायला त्याची काय हरकत असणार, पण रोजच्या चादरींचं काय? या मशीनला झेपणार आहे का? दुसरं घेऊ म्हटलं तर म्हणाला की सगळी इथून तिथून सारखीच, तो लोकांचे अनुभव वाचतो ना. हाताने धुते म्हटलं तर त्याला एकाएकी तिच्या कंबरेचा कळवळा आला. ड्रायरचं नाव काढलं तर तो त्याच्या मते गरम हवा विकायचा धंदा होता. एकूण काय, तो बिचारा एका पायावर तयार होता, मशीन आडवं येत होतं.

वाईट याचं की तिला ते खरं वाटलं. तिने भावाला सांगितलं, बाबांनाही फोनवर सांगितलं, की जरा मशीनचं मार्गी लागू दे, मग लगेच नेते. बाबा म्हणाले, काही घाई नाही.

पांघरुणं वाळत नव्हती म्हणून एकदा ती ओल्या कपड्यांची बादली घेऊन नणंदेकडे गेली. नणंदेकडे ड्रायर होता आणि घरी आलेल्या माणसाला तो दाखवल्याशिवाय ती पाणीसुद्धा विचारत नसे. ड्रायरमधून काढलेला टॉवेल तिने वहिनीच्या गालाला लावून दाखवला. त्याच ड्रायरने नणंदेच्या नवऱ्याचे दोन स्वेटर बाहुलीच्या मापाचे केले होते, पण तो भाग ती भराभर सांगून टाकायची. बोलता बोलता नाचणाऱ्या मशीनचा विषय निघाला. नणंदेने टॉवेलाची घडी घालत सहज विचारलं, "पण वहिनी, मागचे बोल्ट काढलेत ना?"

कसले बोल्ट, ते वहिनीला कळेना. नणंदेने समजावलं की गाडीतून आणताना ड्रम हलू नये म्हणून कंपनी मागून चार लांब बोल्ट आवळून पाठवते. बसवणारा माणूस पहिलं काम तेच करतो, बोल्ट काढायचं. ते राहिले तर ड्रम जखडलेला राहतो आणि पिळताना अख्खं मशीन उड्या मारतं. हे सांगताना तिच्या तोंडावर हसू येत होतं, कारण दादाने त्या माणसाला दारातून घालवल्याचा किस्सा तिने दादाच्याच तोंडून ऐकला होता.

घरी येऊन ती मशीनच्या मागे वाकली. चारही बोल्ट होते. तिने पाना शोधला, एकेक बोल्ट सोडवला, आणि बाबांसाठी काढून ठेवलेल्या चादरी आत घालून बटण दाबलं. पिळायची वेळ आली. मशीन जागचं हललं नाही, नुसतं घुमत राहिलं. ती बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. बाबा येणार होते.

संध्याकाळी तिने नवऱ्यापुढे बोल्ट ठेवले. त्याने ते असे पाहिले जसं काही शेजाऱ्याचं सामान चुकून आपल्याकडे आलंय. मग म्हणाला की हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, ड्रमला मजबुती राहावी म्हणून त्याने ते मुद्दाम ठेवले होते. जिंकलेल्या माणसाला वाद घालायची गरज नसते असं तिला वाटलं. बाबांना कधी आणायचं एवढंच तिने विचारलं. त्याने पुन्हा पळवाट काढली. एका धुण्याने काय सिद्ध होतं? रविवारी त्याच्यासमोर जाड चादरी लावायच्या, मशीन टिकलं तर बाबांना खुशाल आणायचं. तिने बोल्ट स्वयंपाकघरातल्या खणात टाकले आणि कबूल झाली. एवढ्यावर न थांबता तिने नणंदेला साक्षीला बोलावलं, आणि ज्यांनी आजवर सगळ्यात जास्त सोसलं त्या खालच्या काकांनाही.

रविवारी चौघं बाथरूमसमोर खुर्च्या टाकून बसले, मुलगी पाहायला आल्यासारखे. मशीन भिजवू लागलं, घुसळू लागलं. नवरा मांडीवर हात ठेवून शांत होता. मग पिळणं सुरू झालं आणि मशीनने एकदम उसळी घेतली. दुसऱ्या उसळीला पाइप निघाला, पाण्याचा फवारा थेट काकांच्या छातीवर आला, आणि चपलांचे तळ तरंगत हॉलमध्ये निघाले. पिन काढायला ती धावली. नवरा खुर्चीतून उठलासुद्धा नाही. चेहरा पाडून म्हणाला, "बघ. मी म्हणत नव्हतो?"

तिने नळ बंद केला आणि मशीनच्या मागे वाकली. चारही बोल्ट जागच्या जागी होते. नणंद तिच्या शेजारी येऊन वाकली, तिनेही पाहिलं.

"दादा, हे परत कुणी लावले?"

तो म्हणाला, सेफ्टीसाठी. काका ओल्या शर्टाने छताकडे बघत राहिले.

इतकी वर्षं ती त्याला अडाणी समजत आली होती, आणि अडाणी समजून सोसत आली होती. बोल्ट अगदी सरळ बसवले होते, एकसारखे आवळले होते, एकही तिरका गेला नव्हता. नवऱ्याच्या हातून घरातलं इतकं नीट झालेलं काम ती पहिल्यांदाच पाहत होती. तिला त्याची शिसारी आली, आणि स्वतःचा रागही आला.

"बाबा नकोत, एवढंच बोला," ती म्हणाली. "मशीनला मध्ये घालू नका. एकदा स्वतःच्या तोंडाने बोला."

त्याने पाण्यातून पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर घेतले. मग म्हणाला, "मला घरात तो वास सहन होणार नाही."

"हे त्या दिवशी बोलला असतात तर मी कडकडून भांडले असते. पण माणूस तरी म्हटलं असतं तुम्हाला."

तिने कपडे बदलले, पर्स घेतली. नणंदेने काही न विचारता पाना उचलला आणि ती बोल्टांपाशी बसली. भावाला प्रवासापुरता हातभार लावायला सांगून ती टॅक्सीने बाबांना आणायला गेली. महिना संपायला अवकाश होता, पण आता एक रात्रही थांबायची तिची तयारी नव्हती.

परत येताना बाबा तिच्या खांद्याला टेकून बसले होते. त्यांचे ओठ सुकून फुटले होते. तिने पाण्याची बाटली पुढे केली तर त्यांनी डाव्या हाताने हळूच बाजूला सारली.

"दुपारनंतर मी पाणी पीत नाही गं," ते म्हणाले. "तुझ्या मशीनला झेपत नाही ना. आता बऱ्याच रात्री चादर कोरडी असते बघ."

हे त्यांनी एखादी नवी कला साधल्यासारखं सांगितलं. पुढे बसलेल्या भावाने मान वळवली नाही. त्याला ठाऊक होतं. नवऱ्याने रचलेलं खोटं बाबांपर्यंत तिनेच, स्वतःच्या तोंडाने, पोचवलं होतं.

घरी मागच्या खोलीतून कॉम्प्युटर हलला होता; नणंदेने दादाला सुखाने बसू दिलं नव्हतं. बाबांना पलंगावर बसवलं. नवरा दारात येऊन शोरूममधल्या आवाजात या, या म्हणाला, प्रवास कसा झाला विचारलं. ती आत जाऊन पेलाभर पाणी घेऊन आली आणि तिने तो त्याच्या हातात दिला.

"दुपारपासून यांनी पाणी घेतलेलं नाही. कितीतरी दिवस घेत नाहीत. आपल्या मशीनला झेपत नाही म्हणून. घ्या, तुम्ही पाजा."

त्याने पेला धरला. खोलीत नणंद होती, भाऊ होता, पळायला जागा नव्हती. तो पलंगापाशी वाकला आणि पेला त्याने बाबांच्या ओठांशी नेला. बाबांनी तोंड उघडलं नाही. त्यांनी संकोचून जावयाकडे वर पाहिलं.

"मशीनला चालेल ना, जावईबापू?"

नवऱ्याचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं.

"चालेल, बाबा."

बाबा घटाघटा प्यायले, पेला रिकामा झाला तरी त्यांनी तो सोडला नाही, आणि मग आणखी एक मागितला.