दोनशे बारा नंबरची चूक

दर सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर चुकांची यादी यायची. मुलांसाठी पत्त्यांचे खेळ असलेल्या एका साइटवर मी तपासनीस होतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर भिंतींशी बोलायची वेळ आली, तेव्हा भाचा म्हणाला, मामा, आमच्याकडे या, तुमच्यासारखा चिवट माणूस आम्हाला हवाच आहे. साइटचं सगळं तांत्रिक काम हा भाचा बघायचा. लहानपणी त्याला पत्ते पिसायला मीच शिकवलं होतं, त्यामुळे मला वाटलं, घरचंच काम आहे.

काम सोपं होतं. चौकटची राणी दोनदा वाटली जाते, टाकलेला पत्ता हवेतच लटकतो, जिंकणाऱ्याला सोडून हरणाऱ्यावर फुलं पडतात, अशा चुका लोक कळवायचे. प्रत्येक चुकीला नंबर पडायचा. भाच्याच्या हाताखालची माणसं ती दुरुस्त करायची, मग मी तेवढा भाग सहा वर्षांच्या पोराच्या वेगानं खेळून बघायचा आणि नंबरापुढे ‘तपासलं’ अशी खूण करायची. माझी खूण पडली की नवी आवृत्ती मुलांच्या फोनवर जायची. ऑफिसात म्हणत, मास्तरांना कळलं म्हणजे जगाला कळलं. मी ते कौतुक समजत असे.

शिवाय त्यांनी माझा आवाजही घेतला होता. खेळात एक चित्रातले म्हातारबाबा होते, पत्तेआजोबा नावाचे, मिशा माझ्यापेक्षा दाट आणि पोट माझ्याएवढंच. ते मुलांना पत्ते हातात पंख्यासारखे कसे धरायचे, उतारी कशी करायची, भिडूवर चिडायचं का नाही, हे सांगायचे. स्पंज लावलेल्या एका कोंदट खोलीत बसून मी दोन दिवस त्यांच्यासाठी बोललो. ‘घाई नको.’ ‘हरलास तरी पत्ते फेकायचे नाहीत.’ ‘अजून एक डाव खेळू, मग तुला एक्क्याची गंमत सांगतो.’ आणि एक वाक्य मी हट्टानं घालायला लावलं होतं. दर तिसऱ्या डावानंतर आजोबा म्हणायचे, ‘तीन डाव झाले. आता आपण उठू. पाणी पिऊ, जरा बाहेर बघू.’ मुलं शिकवली असल्यामुळे मला ठाऊक होतं की तीन डावांपर्यंत मूल खेळाला खेळवतं, त्यानंतर खेळ मुलाला खेळवतो.

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तपासताना मी फोनचा आवाज बंद ठेवायचो. यंत्रातून येणारा आपला आवाज मला ऐकवत नाही. घशात लोकरीचा गोळा अडकलेला कुणी मास्तर बोलतोय असं वाटतं. पत्ते डोळ्यांनी दिसतात, मग कानांची गरज काय, असं मी स्वतःला समजावलं होतं.

एका सोमवारच्या यादीत एकतीस दुरुस्त्या होत्या. त्यात एक होती: ‘२१२. तिसऱ्या डावानंतर खेळ थांबतो. दुरुस्त.’ मी तीन डाव खेळलो. चौथ्या डावाचे पत्ते आपोआप वाटले गेले. पाचव्याचेही. खेळ कुठे अडकला नाही. मी खूण केली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘छान.’ साइटवर लोकांसाठी नेहमीची सूचना लागली: किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत, खेळ आता आणखी सुरळीत चालेल.

त्याच आठवड्यात, दुपारी चारच्या सुमाराला, तळमजल्यावरची शिंपीण वर आली. नवऱ्याच्या माघारी ती घरीच कपडे शिवते आणि तिची मुलगी संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला येते. मुलगी सात वर्षांची. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण एका गणितात ती चारदा खुर्चीवरून उतरते.

“मास्तर, तुमच्या त्या फोनमधल्या आजोबांना आवरा,” शिंपीण म्हणाली, “नाहीतर मी फोन आवरते.”

मी हसत खाली गेलो. दार उघडल्याबरोबर वास आला. भिंगरी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, ताठ, पाय एकमेकांना चिकटवून. फ्रॉक कमरेपासून खाली ओला होता. खुर्चीखाली लघवीचं थारोळं साचलं होतं आणि त्यात शिवणकामाचे दोरे तरंगत होते. नाकातून आलेलं ओठावर वाळलं होतं. तिनं ते पुसलं नव्हतं, कारण दोन्ही हात फोनला होते. आई मागच्या खोलीत मशीनवर होती, मूल शांत आहे म्हणून सुखात होती. जेवणानंतर बसलेली पोरगी तीन तास जागची हलली नव्हती, आणि फोन काढून घ्यायला गेल्यावर तिनं आईच्या मनगटाला चावा घेतला होता.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हटलं, ऊठ बाळ, आपण आंघोळ करू. तिनं मान हलवली. तिचे डोळे लाल होते, पण ती रडत नव्हती. एखादं काम नेमून दिलेल्या माणसासारखी ती बसली होती.

“आजोबा, तुम्हीच उठू नको म्हणालात ना?”

तेवढ्यात तिचा डाव संपला आणि फोनमधून मी बोललो. “उठू नको,” मी म्हणालो. “अजून एक डाव.”

मला आधी कळलंच नाही. मग तो लोकरीचा गोळा ओळखू आला. ‘आता आपण उठू’मधलं ‘उठू’, ‘घाई नको’मधलं ‘नको’, आणि एक्क्याच्या गमतीतला डाव. तुकडे इतके जवळ जोडले होते की मध्ये श्वासालाही जागा नव्हती. स्वर मात्र माझाच, मायेचा, मूल घाबरू नये म्हणून मी मुद्दाम हळू ठेवतो तसा. जेवणाच्या ताटात आपलाच केस सापडावा तशी शिसारी आली. घास बाहेरही काढता येईना.

शिंपिणीनं लेकीला उचलून नेलं. मी जमीन पुसली. ती नको नको म्हणत होती, पण पुसायला दुसरं कोण योग्य होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात गेलो. भाचा आणि आकडेवाली चहा पीत होते. आकडेवाली म्हणजे कोणतं मूल किती मिनिटं बसतं याचा हिशेब ठेवणारी मुलगी. स्वभावानं गोड, मला सर म्हणायची. मी घडलं ते सांगितलं, वासासकट. भाच्यानं कप खाली ठेवला आणि वाईट वाटल्याचा चेहरा केला. तो त्याला लहानपणापासून चांगला जमतो.

तो म्हणाला की मामा, मुलीचं वाईट झालं, पण ती चूक दुरुस्त करणं भागच होतं. तिसऱ्या डावानंतर निम्म्याहून जास्त मुलं उठून जायची. मी म्हटलं, अरे, त्यांना उठायलाच सांगितलं होतं. तर म्हणतो, तेच तर. मुलं उठली की जाहिराती कोण बघणार, आणि जाहिराती कुणी बघितल्या नाहीत तर साइट कशावर चालणार? त्याच्या लेखी मुलांचं उठणं ही टाकलेला पत्ता हवेत लटकण्यासारखीच एक चूक होती. तिला नंबर पडला होता. नंबर पडला की ती कुणीतरी दुरुस्त करणारच.

आकडेवालीनं मला पडद्यावर एक रेघ दाखवली. पूर्वी ती तिसऱ्या डावाशी धपकन खाली यायची, आता टेकडीसारखी वर चढत होती. “सर, हे सगळं तुमच्यामुळे,” ती म्हणाली. ती मनापासून कौतुक करत होती. त्या टेकडीत भिंगरीही कुठेतरी होती. तीन तास, ओल्या फ्रॉकमध्ये, एक उत्तम आकडा म्हणून.

मी भाच्याला विचारलं, माझ्या तोंडी हे घालताना मला एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाही?

“विचारलं की मामा,” तो म्हणाला. त्यानं यादी उघडून पडदा माझ्याकडे वळवला. दोनशे बारा. दुरुस्त. तपासलं: मास्तर. शेरा: छान.

चोराला पकडायला गेलो आणि त्याच्या पोत्याचं तोंड मीच बांधून दिलेलं निघालं. मी दोन मागण्या केल्या. माझा आवाज आजच्या आज काढायचा. आणि सूचनेत स्पष्ट लिहायचं की पत्तेआजोबा मुलांना उठू नको म्हणत होते, ते आम्ही बोलायला लावलं होतं, आईबापांनी लक्ष द्यावं. आवाजाचं तो लगेच कबूल झाला. सूचनेचं मात्र मालक ठरवतात, म्हणाला, आणि मालक ‘किरकोळ दुरुस्त्या’च्या पुढे एक अक्षर लिहू देत नाहीत. शिवाय एका मुलीवरून एवढं ताणू नये.

“एकावरूनच मोजायला शिकवलं होतं तुला,” मी म्हटलं. तो हसला. त्याला वाटलं, मामांचा राग उतरला.

त्या संध्याकाळी भिंगरी अभ्यासाला आली नाही, म्हणून मीच खाली गेलो. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. खरं काय झालं ते सांगायला मला शब्द सापडेनात. शेवटी आईच्या मशीनखालच्या चिंध्यांतून मी दोन तुकडे उचलले, एक बाहीचा, एक खिशाचा, आणि तिला विचारलं, हे कुणाचे? ती म्हणाली, बाही शेजारच्या काकूंची, खिसा पोस्टमनकाकांचा. मी ते एकमेकांना टाचणीनं जोडले आणि म्हटलं, आता हे काकूंनी शिवायला टाकलं होतं असं कुणी म्हटलं तर? ती म्हणाली, खोटारडा. मग मी सांगितलं की माझ्या बोलण्याचं त्यांनी असंच केलं.

तिनं टाचणी काढली, पुन्हा लावली. “मग तुम्हाला कळलं नाही?”

“मी ऐकलं नव्हतं.”

“का?”

“मला माझा आवाज आवडत नाही.”

“मला आवडतो,” ती म्हणाली, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

दहा दिवसांनी नवी आवृत्ती आली. यावेळी मी आवाज पूर्ण मोठा करून बसलो. पत्तेआजोबा गेले होते. त्यांच्या जागी एक पत्तेमावशी आली होती, तिच्या गालाला खळी होती. तिसरा डाव संपल्यावर ती म्हणाली, “उठू नको हं राजा, अजून एक डाव.” यात जोडकाम नव्हतं. कुणातरी बाईला स्पंजच्या खोलीत बसवून हे सरळ वदवून घेतलं होतं. आवाज काढला, वाक्य ठेवलं. मी खूण केली नाही, आणि शेऱ्यात का केली नाही ते लिहिलं. तासाभरात माझ्या नावाच्या जागी भाच्याचं नाव आलं आणि त्यापुढे खूण पडली. साइटवर सूचना लागली: किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत.

मी भाच्याला फोन करून सांगितलं की उद्यापासून मी येणार नाही. तो म्हणाला, मामा, तुम्ही थकलाय, आठ दिवस विश्रांती घ्या. माझा पासवर्ड त्यानं चालू ठेवला.

शिंपिणीनं फोन कपाटात टाकला होता, पण मावशी कशी बोलते ते भिंगरीला ऐकायचंच होतं. आईनं समोर बसून तिला तीन डाव खेळू दिले. मावशीनं ‘उठू नको हं राजा’ म्हटलं आणि भिंगरी तत्क्षणी खुर्चीवरून उतरली. मी विचारलं, का गं, मावशी काय म्हणाली?

“तिचं मी कशाला ऐकू?” भिंगरी म्हणाली. “ती कोण माझी?”

मला क्षणभर बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच पुढच्या क्षणी किळस आली. म्हणजे तेव्हा ती बसली, ती मी तिचा म्हणून. अशी किती मुलं मी बसवली असतील, ज्यांचा वास माझ्यापर्यंत आला नाही?

सोमवारी सवयीनं मी घरूनच यादी उघडली. सर्वात वर नवी चूक होती. ‘२४०. मावशीच्या आवाजावर मुलं तिसऱ्या डावाला उठतात. आजोबांच्या आवाजावर बसत होती.’ आणि ‘कुणाकडे’ या रकान्यात लिहिलं होतं: मास्तर. मी वाचतोय तोवर भाच्याचा फोन आला. मामा, मालक स्वतः म्हणतायत, तुम्ही परत या. तपासायचं काही नाही, नुसतं बोलायचं. अर्ध्या तासाचं काम. माझ्या आईनंही सांगितलंय तुम्हाला सांगायला.

मी म्हटलं, बघतो. फोन ठेवला आणि दोनशे चाळीसवर गेलो. चूक बंद करायची तर तिथे चार कारणांतून एक निवडावं लागतं. दुरुस्त झाली, पुन्हा दिसली नाही, आधीच नोंदली आहे, आणि चौथं: ही चूक नाही. इतक्या महिन्यांत मी चौथं कधी वापरलं नव्हतं. ते निवडलं आणि चूक बंद केली.

दहा मिनिटांनी भाच्यानं ती उघडली. मी बंद केली. त्यानं उघडली आणि शेऱ्यात लिहिलं, ‘मामा, प्लीज.’ मी खाली लिहिलं, ‘मुलं उठतात, ही चूक नाही,’ आणि बंद केली. मग आकडेवालीनं उघडली. तिच्यासाठी मी तेच वाक्य पुन्हा लिहिलं, सावकाश, फळ्यावर लिहितो तसं, आणि बंद केली. दुपारपर्यंत असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी मी चौथं कारण निवडलं, तर पडद्यावर आलं: या पानावर आपल्याला प्रवेश नाही.