महापौराच्या खुर्चीतली टोपी

मी एक जुनी, उंच, काळी रेशमी टोपी आहे आणि मी फ्रीटाउन शहराची महापौर होते. मित्रांनो, अधिकृतरीत्या असं काही घडलेलंच नाही. तेव्हा वरचं वाक्य तुम्ही वाचलं नाही असं धरून मी पुन्हा सुरुवात करते.

मी एक जुनी टोपी आहे. माझा जन्म लंडनचा, पण तिथे मला कोणी डोक्यावर घेतलं नाही. बोटीने मी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, फ्रीटाउनला आले आणि ओबादाया थॉर्प नावाच्या तरुण कापडव्यापाऱ्याकडे गेले. त्याच्या डोक्यावर मी कानांपर्यंत यायची. "असू दे, डोकं वाढेल," असं त्याची केझायामावशी म्हणाली. वाढलं. तो नगरसेवक झाला, मग महापौर झाला, आणि मी बेताची बसू लागले.

रोज सकाळी तो मला मखमलीच्या तुकड्याने एकाच दिशेने पुसायचा. त्याने डोंगरावरून नळाचं पाणी आणलं, रस्त्यांवर दिवे लावले. लोक टाळ्या वाजवायचे, तो मला उचलायचा, मी वर जाऊन खाली यायची. त्यातल्या निम्म्या टाळ्या माझ्या, असं मी अजून मानते.

केझायामावशी धक्क्याजवळच्या जुन्या बाजारात मासे विकायची. गव्हर्नरसाहेबांना टेनिससाठी सपाट जागा हवी होती आणि आमच्याकडे डोंगरच फार. सपाट म्हणावा असा तो बाजारच. तो उठवण्याचा ठराव सभेपुढे आला. निम्मे नगरसेवक बाजाराचे, निम्मे टेनिसचे. अशा वेळी महापौराचं मत निर्णायक. आणि नेमका महापौर तापाने अंथरुणाला खिळलेला.

"मग खुर्चीत मी बसतो," उपमहापौर फिनियस डेकर म्हणाला. त्याने रॅकेट आधीच मागवली होती.

पण आमच्याकडे एवढी मोठी गोष्ट पूर्वजांना विचारल्याशिवाय होत नाही. दफनभूमीत अवूजोचं, म्हणजे पूर्वजांच्या नावाचं जेवण मांडलं गेलं: चवळी, तळलेली केळी, भात, आणि पहिला घास मेलेल्यांना. झाडून सगळे नगरसेवक काळ्या कोटात हजर. महापौर येऊ शकत नव्हता, म्हणून मावशीने त्याच्या बापाच्या थडग्यावर मला ठेवलं. मग कोलाच्या दोन बिया फोडून तिने चार फाकी हातात घेतल्या. जमिनीवर दोन उताण्या, दोन पालथ्या पडल्या तर पूर्वजांचा होकार.

"डेकर बसू दे खुर्चीत?"

चारही पालथ्या.

"हात हलला तुझा, मावशी. पुन्हा टाक," डेकर म्हणाला.

पुन्हा चारही पालथ्या.

"तुझीच आजी आहे बाबा इथे," मावशी म्हणाली. "माझ्या शेजारी बसून खेकडे विकायची. तू विसरलास, ती विसरलेली नाही."

एकेका नगरसेवकाचं नाव घेऊन झालं. पूर्वजांना कोणीच पसंत पडेना. भात गार झाला. शेवटी मावशी वैतागली. "मग काय, या टोपीला बसवू?"

दोन उताण्या, दोन पालथ्या.

कोणी हसलं नाही. उलट दोघांतिघांनी मला वाकून नमस्कार केला.

सभेच्या दिवशी मी महापौराच्या खुर्चीत, उशीवर विराजमान झाले. मतं पडली, निम्मी निम्मी. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"सन्माननीय महापौर विचारात आहेत," चिटणीस म्हणाले. "सूर्यास्ताच्या तोफेपर्यंत त्यांचं मत आलं नाही, तर ठराव पडला."

"आणि टोपी कलली तर?" डेकरने विचारलं.

चिटणीसांनी चष्मा पुसला. "मान डोलावली असंच धरावं लागेल. म्हणजे होकार."

"फार उकडतंय नाही आज?" असं म्हणत डेकरने समुद्राकडची खिडकी सताड उघडली.

वारा आत घुसला. मित्रांनो, मी आतून पोकळ आहे. एरवी याची लाज वाटत नाही, पण त्या क्षणी वाटली. माझी मागची कड उशीवरून उचलली गेली. आता मी कलणार आणि माझ्यामुळे बाजार जाणार!

तेवढ्यात खिडकीत अंधार झाला. बाहेरच्या व्हरांड्यात केझायामावशी आपल्या घेरदार झग्यासकट येऊन उभी राहिली होती. तिच्या दोन्ही बाजूंना मिरचीवाली, केळीवाली, सगळा बाजार.

"मावशी, बाजूला हो, वारा अडतोय!" डेकर ओरडला.

"कुठे जाऊ बाबा? बाजार उठवताय ना? म्हणून उभं राहायला जागा शोधतेय."

माझी कड अलगद खाली टेकली. तोफ झाली. मी एक शब्दही बोलले नव्हते. ठराव पडला!

बायांनी मला डोक्यावर धरून गाणी म्हणत थॉर्पच्या खाटेपाशी नेलं. "ओबादाया, तुझ्यापेक्षा ही बरी," मावशी म्हणाली. "भाषण न करता काम केलं." तापातही तो खाट हलेपर्यंत हसला.

पुढे तो बरा झाला, म्हातारा झाला, गेला. सभागृहात त्याची तसबीर लागली, बोडक्या डोक्याने. मी कपाटात पडले. माझ्यात सध्या झुरळांचं एक मोठं कुटुंब राहतं. माणसं सज्जन आहेत. बाजार मात्र जागेवर आहे. माशांचा वास कपाटापर्यंत येतो आणि माझी छाती फुगते.

तरी नगरपालिकेस नम्र विनंती की, माजी महापौर या नात्याने माझी तसबीर थॉर्प यांच्या तसबिरीच्या वर, डोक्यावर बसेल अशा बेताने लावण्यात यावी. मला मखमलीने, एकाच दिशेने पुसण्यात यावं. आणि उपमहापौर डेकर यांनी उघडलेली खिडकी अद्याप उघडीच असल्याने ती त्यांच्याकडूनच लावून घेण्यात यावी. ते दफनभूमीत मावशीजवळच पुरलेले आहेत.