खिडकीकडची बाजू

मित्रांनो, मी एक जुने पूल टेबल आहे. पूल म्हणजे नदीवरचा नव्हे. हिरव्या कापडावर रंगीत चेंडू मांडायचे, लांब काठीने पांढऱ्या चेंडूला टोला द्यायचा आणि त्याच्याकरवी बाकीच्यांना कोपऱ्यातल्या भोकांत ढकलायचे, तो खेळ. एकाला पुढे करून आपण मागे नामानिराळे राहायचे, ही युक्ती माणसांनी या खेळातूनच उचलली असावी.

माझे पाय घडवणाऱ्या सुताराला पैलवानांची आवड असणार. पायांवर दगडी लाद्या बसवल्या, त्यांवर हिरवे कापड ताणले. वरून मऊ आणि आतून दगड, अशी मंडळी मोठ्या हुद्द्यावर पोचतात. मी एका कारखान्याच्या करमणुकीच्या खोलीत पोचले.

तिथली माझी वर्षे मानाची गेली. मोठे साहेब खेळायला आले की हाताखालच्या लोकांचे नेम हमखास चुकत. साहेबांची पाठ वळली की तेच लोक गप्पा मारता मारता चेंडू भोकांत घालत. जिंकणारा म्हणे, "काय टेबल आहे!" हरणारा म्हणे, "टेबलच वाकडं आहे." मी दोघांचेही मनावर घेतले नाही.

मग कारखाना बंद पडला आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात आले. दुकानदाराने माझ्यावर कपबशा मांडल्या. गिऱ्हाईक आले की कपबशा बघे, मला कोणी बघेना. एक दिवस दुकानदार फोनवर कोणाला तरी म्हणाला, "अजून थोडे दिवस वाट बघतो. नाहीच गेलं, तर लाद्या काढून एखाद्या स्वयंपाकघराच्या ओट्याला लावून टाकतो."

मित्रांनो, ज्याने आयुष्यभर भल्याभल्यांचे नेम पाहिले, त्याने म्हातारपणी अंगावर कांदे चिरून घ्यायचे? माझे लाकूड थंड पडले.

अशा वेळी एक नवरा-बायको दुकानात आले. ती बायकांचे कपडे शिवते. गळ्यात मोजपट्टी तशीच होती. मला वाटते झोपतानाही काढत नसावी. नवरा कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी फोनमध्ये लोकांची मते वाचतो. लग्नाआधी ही सोय नव्हती, असे तो बायको जवळ नसताना म्हणतो.

टेबल हवे होते त्याच्या वडिलांसाठी. त्यांना आपण आजोबा म्हणू, कारण त्यांची नात तेच म्हणते. आजोबांनी नवा गुडघा बसवून घेतला होता. डॉक्टरांनी बजावले होते, "आता चाललात तर चालाल. बसून राहिलात तर गुडघा आखडेल, मग माझ्या हातात काही नाही." आजोबा बसून राहिले.

"बाबा, बागेत जाऊन या ना," सून म्हणे.

"बागेत काय आहे?"

"लोक चालतात."

"मग चालू दे की त्यांना. मी कुठे अडवलंय?"

तरुणपणी आजोबा पूल झकास खेळत, हे सुनेला ठाऊक होते. तुम्हाला वाटेल, ते माझ्याच कारखान्यात होते आणि आता आमची भेट होऊन दोघांचे डोळे पाणावणार. तसे काही नाही. त्यांनी मला जन्मात पाहिले नव्हते. सुनेचा विचार साधा होता: बागेत नाही तर नाही, टेबलाभोवती तरी चालतील.

दुकानात माझ्याशेजारी एक जवळजवळ नवेकोरे टेबल होते. त्याला कडेने दिवे होते, पेला ठेवायला खाच होती, पाय दुमडत होते. नवरा त्याच्यावर भाळला. "लोकांनी फार चांगलं लिहिलंय याच्याबद्दल," तो म्हणाला.

बायकोने त्याच्या मधोमध एक चेंडू ठेवला. चेंडूने क्षणभर विचार केला आणि स्वतःहून घरंगळत जाऊन कोपऱ्यातल्या भोकात पडला.

"वा!" ती म्हणाली. "हे तर आपलं आपणच खेळतं. माणसं लागतच नाहीत."

मग तिने माझ्यावरच्या कपबशा बाजूला सारल्या आणि चेंडू ठेवला. मी श्वास रोखला. चेंडू जागचा हलला नाही. तिने मला कंबरेने धक्का दिला. मी हलले नाही. तिने कापड चिमटीत धरून पाहिले. "कापड विरलंय, बदलावं लागेल. बाकी माल दणकट आहे." इतके खरे बोल माझ्याबद्दल कोणी बोलले नव्हते.

मग मोजपट्टी निघाली. लांबी, रुंदी, उंची. "चारी बाजूंनी थोडी माया सोडते," ती म्हणाली. शिवणकामात जादा सोडलेल्या कापडाला माया म्हणतात.

दुकानदार म्हणाला, "ताई, हे टेबल वाढत्या अंगाचं नाही."

"कपडा धुतल्यावर आटतो हो."

"याला धुणार आहात?"

पुढचे मला त्यांच्या मुलीकडून कळले. घरात तिला फौजदार म्हणतात. ती शाळेतून आली की माझ्याखाली बसून बाहुल्यांना सगळी हकीकत सांगते. झाले असे, की सुनेने घरी जाऊन, एखादा झगा बेतावा तसा, खाकी कागदाचा माझ्या मापाचा तुकडा कापला आणि हॉलमध्ये जमिनीवर चिकटवला. चार दिवस त्याच्या कडेने वावरून बघायचे, अडचण वाटली नाही तर टेबल आणायचे, असे ठरले.

फौजदाराने लगेच अंमल सुरू केला. "बाबा, टेबलावरून चालू नका! काका, टेबलावर पिशवी ठेवू नका!" टपाल घेऊन आलेला माणूसही वळसा घालून गेला.

आजोबा खुर्चीतून हे बघत होते. शेवटी त्यांना राहवले नाही. काठी टेकत उठले. "भोकं कुठायत? भोकांशिवाय टेबल म्हणजे काय, पलंग आहे का?" त्यांनी खडूने कोपऱ्यांवर भोके काढली. मग दुसऱ्या बाजूला जाऊन चालण्याच्या काठीने नेम धरला. तोंडाने 'टक्' असा आवाज काढला. चेंडू कुठे गेला ते पाहायला तिसऱ्या बाजूला गेले.

"गेला का?" फौजदाराने विचारले.

"जाणार नाही तर काय!"

सुनेने शिवणाचे मशीन थांबवले. नवरा मात्र हिशेबी निघाला. "कागदावर भागतंय की! मग टेबल कशाला?"

"तुम्हाला कागदावरचं जेवण वाढू का आज?" ती म्हणाली.

आणि मी आले. नवे कापड तिने स्वतः पसंत केले होते. मी त्या कागदावर बरोबर मधोमध उभे राहिले. सगळे वाहवा करू लागले. आजोबांनी चालण्याची काठी बाजूला ठेवून खेळण्याची काठी हातात घेतली, खिडकीकडच्या बाजूला गेले, वाकले, काठी मागे ओढली आणि ती भिंतीवर धाडकन आपटली.

 टेबलाचे माप घेतले होते, मायाही सोडली होती; पण काठी मागे ओढायला जागा लागते, हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते. कागदावर आजोबा चालण्याच्या आखूड काठीने खेळले होते.

नवऱ्याने फोन काढला. "दुकानदाराला सांगतो, परत घेऊन जा. ते दिव्यांचं टेबल लहान आहे, तेच आणू."

मला कांद्याचा वास येऊ लागला.

सून खिडकीशी उभी होती. तिच्या मापाला आजवर कोणी नाव ठेवले नव्हते. ती हळूच म्हणाली, "चुकलंच माझं, बाबा."

 आजोबांनी चेंडूकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले. मग माझ्या कडेवर हात टेकत, एकेक पाऊल टाकत, पूर्ण वळसा घालून समोरच्या बाजूला आले. वाकले. 'टक्.' चेंडू कापडावरून सरळ धावला, खिडकीकडच्या कडेवर आपटून तिरका परतला आणि कोपऱ्यात पडला. नवऱ्याचा फोनवरचा हात तसाच राहिला.

"खिडकीकडून खेळता येत नाही तर येत नाही," आजोबा म्हणाले. "इकडून येऊन खेळायचं. लांब पडतं जरा. पण मला कुठे गाडी पकडायचीय?"

"म्हणजे दर वेळी एवढा वळसा घालणार तुम्ही?" मुलाने विचारले.

"मग काय तू मला उचलून नेणार?"

सूनबाईच्या सगळे लक्षात आले. तिने मोजपट्टी गळ्यात नीट केली आणि म्हणाली, "मी मुद्दामच ठेवली होती ती बाजू तशी."

"हो, हो," आजोबा म्हणाले. "तोंडावर दिसतंच आहे."

मित्रांनो, आता आजोबांचे चालणे कोणी मोजत नाही, कारण ते चालतात असे त्यांना कोणी सांगितलेले नाही. ते फक्त खेळतात. डॉक्टरांनी गुडघा पाहून विचारले, "रोज बागेत जाता वाटतं?" आजोबा म्हणाले, "छे! बागेत काय आहे?" फौजदार चेंडू मुद्दाम खिडकीकडे नेऊन ठेवते आणि आजोबा तिला लबाड म्हणत वळसा घालतात. चालण्याची काठी छत्रीबरोबर दाराआड उभी आहे.

माझे तुमच्याकडे मागणे थोडेच आहे. माझ्यासारख्यावर ओले पेले ठेवू नका, कडेवर बसू नका, आणि हरलात तर मला वाकडे म्हणू नका. टेबल निवडताना दिव्यांना भुलू नका. मधोमध एक चेंडू ठेवा आणि थांबा. खोली मोजाल तेव्हा काठीचेही माप घ्या. मात्र एवढे करूनही एखादी बाजू अडलीच, तर लगेच फोन काढू नका. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तिकडून फिरून येणार का म्हणून.