नमस्कार कुणाला

ऑब्री थॉर्नचा मला अजून राग येतो, आणि तो कमी व्हावा असं मला मुळीच वाटत नाही.

लंडनमध्ये नट म्हणून नाव कमावलेला, पुढे दिग्दर्शक झालेला हा माणूस १९९४ साली न्यूझीलंडमधल्या आमच्या हॅमिल्टनला, इंग्रजांच्या काळातल्या भारतावरचं एक नाटक बसवायला आला. तिकडे त्याला विचारणारं कुणी उरलं नव्हतं, हे नंतर कळलं. मी इथल्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट, पण पुण्यात दहा वर्षं नाटकं केलेली. मला मिळाली आयाची भूमिका. साहेब अर्थात तो स्वतः! "आशालता, निदान स्टेजवर तरी जाशील," माझा नवरा सुरेश म्हणाला. गेले.

गावातल्या 'ते रापा' या भागात एका गोडाऊनमध्ये तालमी चालत. स्टेजवर पाय ठेवण्याआधी वाकून त्याला हात लावायचा आणि तो कपाळाला टेकवायचा, ही आमची पद्धत. एके दिवशी ऑब्रीने ते पाहिलं.

"सुंदर! हे माझ्या पायाशी कर. मी 'ऊठ' म्हटलं की उठायचं."

"हा नमस्कार स्टेजला असतो," मी म्हटलं. "माणसाला नाही."

"डार्लिंग, चाळीस वर्षं नाटक करतोय मी. प्रेक्षकांना काय हवं ते मला कळतं."

सगळे हसले. मी मुकाट्याने वाकले. त्या दिवसापासून विंगेत माझा हात स्टेजकडे जाईनासा झाला. वाकलं की त्याचे बूटच दिसत. घरी येऊन मी भांडी आपटली.

"सोड ना मग. इथे नाटकाचे ढीगभर ग्रुप्स आहेत," सुरेश म्हणाला.

"मी का सोडू? त्याने सोडावं!"

पहिला प्रयोग शनिवारी दुपारी होता, हाउसफुल्ल. माझी एन्ट्री आली. ऑब्रीने बूट पुढे केला. मी समोर ताठ उभी राहिले. तो थांबला. मी त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. शेवटी सवयीने त्याच्या तोंडून वाक्य निघालंच.

"ऊठ."

उभ्या बाईला! अख्खं थिएटर खदखदून हसलं.

पडदा पडल्यावर तो तरातरा माझ्यापुढे आला. "यू आर फिनिश्ड! उद्यापासून येऊ नकोस. चाळीस वर्षांत कुणी मला असं..." मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

मी विंगेत गेले, वाकले, स्टेजला हात लावला आणि कपाळाला टेकवला. त्यानंतर मला या गावात कुणी नाटकात घेतलं नाही.